गाओकाओचा इंग्रजी पेपर: चार उतारे की सातातून पाच?

चीनमध्ये बारावीनंतरच्या गाओकाओ या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेत इंग्रजीला १५० गुण, वेळ १२० मिनिटं. बहुतेक प्रांतांत त्यातले ५० गुण वाचन-आकलनाचे, पण हे ५० दोन फार वेगळ्या प्रकारांत वाटलेले आहेत.

पहिला प्रकार ओळखीचा: चार उतारे, १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. पहिला उतारा बहुधा सोपा असतो, संग्रहालयाची माहिती किंवा शिबिराची जाहिरात. चौथ्यापर्यंत संशोधनावरचा जड लेख येतो. इथे शब्दसंग्रह आणि वेग असला की बरंच निभतं. प्रश्न आधी वाचून उताऱ्यात उत्तर हुडकणारी मुलंही तरून जातात.

दुसऱ्या प्रकारात ती युक्ती चालत नाही. एकाच उताऱ्यात पाच जागा रिकाम्या, खाली सात वाक्यं. दोन निव्वळ चकवा देणारी. गुण साडेबाराच. समजा, रिकाम्या जागेआधी रोज डायरी लिहिण्याचा सल्ला आहे आणि पुढचं वाक्य 'पण ती कुणाला दाखवू नका' असं सुरू होतं. मधे डायरीबद्दलचं वाक्य हवं, हे कळतं; पण पर्यायांत डायरीची दोन वाक्यं असतात! मग 'ती', 'पण', 'शिवाय' असले बारके दुवे तपासत बसायचं. शिवाय एका जागेचं वाक्य चुकून दुसरीकडे टाकलं, की ते मूळ जागेसाठी उरत नाही, म्हणजे अनेकदा दोन चुका.

गुणांसाठी सराव करायचा तर आधी चार उतारेच. तिथे तिप्पट गुण आहेत. पण खरं वाचन कुणाला येतं, हे मला विचाराल तर दुसराच प्रकार सांगतो.