पहिल्या कुर्त्यासाठी मलमल, केंब्रिक की पॉपलिन?

कुर्ता घरीच शिवायचा ठरला की दुकानात आपली नजर आधी छाप्यावर जाते. पण तोच छापा मलमलीवर, केंब्रिकवर आणि पॉपलिनवरही मिळतो, आणि मशीनवर ही तिन्ही सुती कापडं अगदी वेगवेगळी वागतात. तेव्हा आधी कापड मुठीत चुरगळून सोडा, मग उजेडासमोर धरा. छाप्याचं नंतर बघू.

मलमल बघताक्षणी मोहात पाडते. बारीक सूत, विरळ वीण; मे महिन्यात अंगावर काही आहे असंच वाटत नाही. पण शिकाऊ हाताला तिच्याइतकं छळणारं कापड नाही. टेबलावर पसरली की धागे सरकतात आणि खडूने सरळ आखलेली रेघ कात्री लावेपर्यंत नागमोडी होते. कडेला भराभर दशा सुटतात, म्हणून शिवणीत माया (टाक्याबाहेर सोडलेलं जादा कापड) जास्त ठेवावी लागते. सुई ९ किंवा ११ नंबरची, आणि नवीच हवी. बोथट सुईने धागा ओढला गेला की कापडावर रेघ उठते. शिवाय फिकट रंगाला अस्तर लागतं, म्हणजे गारव्यासाठी घेतलेल्या कापडाचे दोन थर होतात. माझा पहिला कुर्ता मलमलीचाच होता. पहिल्या धुण्यानंतर तो धाकट्या बहिणीच्या मापाचा झाला. कापडाला बोल लावण्यात अर्थ नाही, मी ते कापण्याआधी भिजवलंच नव्हतं.

पॉपलिन याच्या अगदी उलट. उभे धागे बारीक आणि दाट, आडवे किंचित जाड, त्यामुळे बोट फिरवलं की पुसट आडव्या रेघा जाणवतात. ठेवाल तिथे राहतं, घडी पाडाल तिथे पडते, कॉलर झकास बसते. शर्ट, पायजमा, परकर यांना उत्तम. कुर्त्याला मात्र घेर असेल तर तो अंगाबरोबर पडत नाही, फुगून उभा राहतो.

केंब्रिक या दोघांच्या मधलं. बाजारात ‘साठ-साठ’ ऐकू येतं, म्हणजे उभं-आडवं दोन्ही सूत ६० काउंटचं. काउंट जितका मोठा, तितकं सूत बारीक. कात्रीखाली सरकत नाही, ११ नंबरच्या सुईने निमूट शिवलं जातं, गडद रंगात अस्तराशिवायही चालतं. नव्या कापडाची चकाकी दोन-चार धुण्यांत उतरते, तेवढं मनात धरून घ्या. पहिल्या कुर्त्यासाठी मी डोळे मिटून केंब्रिक सांगेन. घेरदार, चुण्यांचं काही शिवायचं असेल तर हात बसल्यावर मलमलीकडे वळा. (‘टू बाय टू’ नावाचं कापडही दिसेल, त्यात उभं-आडवं दोन्ही सूत दुपदरी पिळाचं. ते ब्लाउजसाठी ठेवा.)

स्वस्तात ‘प्युअर कॉटन’ मिळालं तर कडेचे चार धागे काढून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ होते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी बनते. रेयॉन इथे फसवतो, तोही कागदासारखाच जळतो. तेव्हा एक धागा ओला करून ओढा: रेयॉन ओला झाला की पटकन तुटतो, सूत उलट चिवट होतं.

कुठलंही घ्या, कापण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. खळ निघते, आटायचं तेवढं आटून जातं. ४२ इंच उंचीचा कुर्ता ५ टक्के आटला तरी दोन इंच गेले, आणि आटणं लांबीतच जास्त असतं. म्हणून ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अडीच मीटर लागत असेल तर पावणेतीन मागा. उरलेल्या तुकड्यावर शिलाईचा टाका आणि दोऱ्याचा ताण तपासून घेता येतो.