पत्र्यावर पाऊस, खाली टू-स्टेप: हिल कंट्रीतल्या डान्स हॉलमधली शनिवारची रात्र

आधीच सांगते, हॉलचं आणि बँडचं नाव टाकणार नाहीये, एकतर खाली थोड्या शिव्या घातल्यात आणि दुसरं म्हणजे तिथे आत्ताच पार्किंग मिळत नाही. टेक्ससमधल्या ऑस्टिनहून 290 हायवे पकडून हिल कंट्रीत, म्हणजे इथल्या डोंगराळ भागात, शिरलात की असे जुने लाकडी डान्स हॉल बरेच आहेत, 19व्या शतकात जर्मन आणि चेक लोक इथे येऊन राहिले त्यांनी बांधलेले. सगळ्यात फेमस न्यू ब्रॉनफेल्सचा ग्रीन हॉल, 1878 चा, कंट्री म्युझिकचा स्टार जॉर्ज स्ट्रेट मोठा व्हायच्या आधी तिथे वाजवायचा, त्यामुळे आता तिथे टुरिस्टच जास्त. हा त्याच्यापेक्षा लहान, एसी नाही, बाजूच्या फळ्या वर उचलून काठीने टेकवलेल्या, आणि डोक्यावर पत्रा. पत्रा लक्षात ठेवा.

आईबाबा सांगलीहून आलेत, सहा महिन्यांसाठी. बाबा 40 वर्षं पेटी वाजवतात, टीव्ही बघून कंटाळले होते, म्हटलं चला काहीतरी लाइव्ह ऐकवू. दारात 15 डॉलर, फक्त कॅश. पाच जणांचा लोकल कंट्री बँड: गाणारा गिटारवर, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), उभा बेस, ड्रम्स आणि एका कोपऱ्यात पेडल स्टीलवाला.

पहिला तास खरं सांगू का, बेकार. चूक बँडची नाही, साऊंडवाल्याची. सगळं इतकं मोठं करून ठेवलेलं की फिडल कानात टोचत होतं आणि गाण्याचे शब्द कुठेच नाहीत. त्यात 90 च्या दशकातली तीच तीच गाणी. खाण्याचं तर विचारूच नका, बीफ ब्रिस्किट आणि सॉसेज, आई शाकाहारी, तिला म्हटलं बीन्स घे तर त्यातही बेकन. मग तिने पर्समधून दशम्या काढल्या, मला आधी लाज वाटली आणि मग मीच दोन खाल्ल्या.

बाबा मात्र पेडल स्टीलवाल्यावरून नजर काढेनात. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, हे टेबलासारखं आडवं वाद्य, बहुतेक दहा तारांचं, माणूस खुर्चीवर बसून डाव्या हातात लोखंडी कांडी धरून तारांवरून सरकवतो, उजव्या हाताने छेडतो, आणि खाली पायाने पेडल आणि गुडघ्यांनी दांडे दाबून वाजत्या तारेचाच सूर ओढतो. बाबा म्हणाले, "अगं ही तर पायपेटी झाली, पण मींड येणारी!" जन्मभर पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) येत नाही म्हणून हळहळलेला माणूस, त्याला हे दिसल्यावर काय होणार. तसं हे आपल्याला परकं नाहीच, स्टील गिटार मूळची हवाईची, तीच इकडे कंट्री म्युझिकमध्ये शिरली आणि तीच तिकडे आपल्या जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात.

नऊच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम कोकलले, फ्लॅश फ्लडची, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराची वॉर्निंग. 2025 च्या 4 जुलैला ग्वाडलुपे नदीच्या पुरात इथे शंभरावर माणसं गेली, त्यामुळे आता तो आवाज आला की कोणी हसण्यावारी नेत नाही. पाचच मिनिटांत पाऊस, आणि गारा, आणि पत्रा. पत्र्याच्या घरात पावसाळा काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, गाणारा तोंड हलवतोय एवढंच दिसत होतं. साऊंडवाल्याने अजून आवाज वाढवला, काही उपयोग नाही. अर्धे पुरुष ट्रकच्या काचेच्या काळजीने दाराशी उभे.

आणि फ्लोअरवरचे लोक नाचायचे थांबलेच नाहीत! मला कळेना कशावर नाचतायत, मग मीही उतरले तेव्हा कळलं. फ्लोअर लाकडी, खालून पोकळ, ड्रमचा प्रत्येक ठोका तळपायातून वर येतो. कानाने काही नाही, सगळं पायाने. टू-स्टेप नाचाचं ते क्विक क्विक स्लो स्लो, सत्तरीची जोडपी, एक रांगता पोरगा पण कडेला ठेका धरून. बँडनेही ते ओळखलं बहुतेक, गाणाऱ्याने माइक सोडून दिला आणि सरळ वॉल्ट्झ (तीन ठोक्यांचा जोडीनाच) चालू केला, नुसता वाजवायचा, शब्दच नाहीत. पेडल स्टील त्या पावसातून बरोबर वर येत होतं, बाकी कुठलंच वाद्य येत नव्हतं. बाबा टेबलावर दादरा वाजवत बसले, तीन-तीनचाच तर हिशोब. मध्ये एकदा लाइट गेले, दहा-बारा सेकंद असतील, स्टील बंद पडलं, बेस आणि ड्रम चालूच, अंधारात पावलं घासल्याचा आवाज फक्त.

साडेदहाला मालकीणबाईंनी येऊन सांगितलं की ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी जातंय, रस्ता बंद, कोणी गाडी काढायची नाही. बँडचा टाइम अकरापर्यंत होता, पण त्यांनाही त्याच पुलावरून जायचं होतं, मग काय, साडेबारापर्यंत वाजवलं. पाऊस ओसरल्यावरचे ते दोन तास म्हणजे ह्या शोचे खरे पैसे वसूल. साऊंडवाला कंटाळून झोपला की काय माहीत नाही पण आवाज बेताचा झाला, फर्माइशी घेतल्या, एक जुनी चेक पोल्का (नाचाची धून) वाजवली त्यावर म्हाताऱ्यांनी कल्ला केला. मालकीणबाईंनी कॉफी फुकट वाटली, आईच्या उरलेल्या दशम्या फिडलवाल्या मुलीने चटणीसकट संपवल्या आणि वर हे काय म्हणून तीनदा विचारलं.

जायचं असेल तर कॅश न्या, टिप जारसाठी पण, कारण ह्या बँडवाल्यांचं बरंचसं त्यावरच चालतं. स्टेजपासून लांब बसा. टॉयलेट मागच्या अंगणात आहे, पावसात तिथपर्यंत चिखल, सँडल घालून जाऊ नका, माझी गेली. बँडला साडेचार स्टार, साऊंडला दीड, खाण्याला आई एकही देत नाही.

एक वाजता रस्ता उघडला तर बाबा गायब. बघते तर स्टेजवर गुडघे टेकून त्या पेडल स्टीलच्या खाली डोकं घालून बसलेले, आत नुसत्या बारीक सळया आणि दांड्यांचं जाळं, आणि तो वाजवणारा मोबाईलचा टॉर्च धरून एकेक सळई कुठल्या तारेला जाते ते दाखवतोय. बाबांचं इंग्लिश सोसोच, त्याचं मराठी शून्य. आम्हाला निघायला पावणेदोन झाले.