नॉटिलस लाइव्ह : खोल समुद्रातल्या गल्पर ईलची भेट

'नॉटिलस' या संशोधन जहाजावरून समुद्रतळाचे थेट प्रक्षेपण विनामूल्य दाखवणारी 'नॉटिलस लाइव्ह' ही सेवा मला मनापासून आवडते. सप्टेंबर २०१८मध्ये हवाईकडील पापाहानाउमोकुआकेया या सागरी संरक्षित क्षेत्रात टिपलेला गल्पर ईल मासा तर आवर्जून पाहावा : आधी फुग्यासारखा गोल दिसणारा हा काळा जीव अचानक जबडा पसरतो आणि शरीराच्या मानाने अवाढव्य, सैल पिशवीसारखे तोंड उघडते. साधारण ५०० ते ३००० मीटर खोलीवरच्या अंधारात, जिथे भक्ष्य विरळच असते, तिथे असे तोंड किती उपयोगी पडत असेल! चाबकासारख्या शेपटीच्या टोकाला प्रकाश देणारा अवयवही असतो. संशोधकांचे आनंदाचे उद्गार ऐकताना मीही तितकाच हरखून गेलो.