शिवाजी महाराजांच्या नाण्याचे कफलिंक्स मागवताय? आधी हे वाचा

एकूण 12,260 रुपये गेले. सहा जोड, प्रत्येकी 1,650, म्हणजे 9,900, आणि वर "रिफंडेबल इन्शुरन्स" 2,360. भावाच्या लग्नात त्याला आणि मित्रांना द्यायला 1999 च्या दोन रुपयांच्या शिवाजी महाराजांच्या नाण्याचे हाताने बनवलेले कफलिंक्स मागवले होते. इन्स्टावर पेज, नाण्यावर मीना भरतानाचा व्हिडिओ, खाली कौतुकाच्या कमेंट, सगळं नेहमीचंच. अर्धे पैसे आधी, अर्धे कुरियरच्या वेळी, आणि मग तो इन्शुरन्स, नाही भरला तर पार्सल निघणार नाही म्हणे. लग्न तोंडावर असताना कोणीही भरलेच असते.

संताप येतो तो फोटो आठवला की. अहो, ते नाणं गोल नाहीच! अकरा कोनी आहे, आपण सगळ्यांनी वापरलंय, आणि त्या विकणाऱ्याच्या फोटोत चक्क गोल. मी विचारलंही होतं, चॅट आहे माझ्याकडे. म्हणाला, "ताई, कडा घासून गोल करतो, शर्टात अडकू नये म्हणून." कारागीरच असं म्हणतोय म्हटल्यावर काय बोलणार? पण कडा घासल्या तर काठाजवळचं काहीतरी झिजेल ना, फोटोत सगळं जसंच्या तसं होतं, तिथेच ऑर्डर कॅन्सल करायला हवी होती.

पार्सल आल्यावर आईच्या डब्यातलं खरं नाणं शेजारी ठेवलं आणि फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं. खरं नाणं तांबं-निकेलचं, त्याला चिकटत नाही. यांच्या सगळ्या जोडांना टपकन चिकटलं. मागची दांडी नुसती गोंदाने डकवलेली, एक तर हातातच आली. तुम्हीही घेतलेत तर आधी मॅग्नेट लावा, आणि पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, तो नसेल तर कोणी ऐकून घेत नाही.

पोलीस ठाण्यात सांगितलं, वस्तू मिळालीय ना, मग हे सिव्हिल मॅटर. दुसऱ्या साहेबांनी मलाच सुनावलं की नाणी वितळवणं, तोडणं कॉइनेज अ‍ॅक्ट 2011 खाली गुन्हा आहे, असल्या वस्तू घेता कशाला! अहो साहेब, ती नाणीच नाहीत हेच तर मी सांगतेय, पण कागद हातात घ्यायलाच तयार नाहीत, सायबरवाल्यांकडे जा म्हणाले, तिथून परत याच ठाण्यात पाठवलं, तासन्‌तास बाकावर बसवून ठेवतात आणि शेवटी "रक्कम छोटी आहे" म्हणतात. तुम्हाला छोटी असेल, माझा अर्धा पगार आहे तो. बँकेचं उत्तर काय, तर यूपीआय पिन तुम्हीच टाकलात.

पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याची वाट बघू नका, पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात. आणि "रिफंडेबल" म्हणून कुठलीही रक्कम मागितली की ब्लॉक.

तेच फोटो लावून आता दुसऱ्या नावाने पेज सुरू झालंय. तुम्ही यात अडकला असाल तर पेमेंटचे स्क्रीनशॉट घेऊन मला मेसेज करा, सगळ्यांच्या तक्रारी एकत्र देऊ.