लार्कस्परचं म्हणून कलौंजीचं बी विकतायत, सावध राहा

फुलशेती करणाऱ्यांनो, लार्कस्परचं (निळ्या-जांभळ्या तुऱ्यांचं फुलझाड) बी कुणी घरपोच आणून देत असेल तर पैसे देण्याआधी चार दाणे रगडून वास घ्या. औसा तालुक्यात आम्हाला जे बी दिलं ती कलौंजी निघाली. किराणा दुकानातली, लोणच्यात घालतात ती!

एजंट मोबाईलमध्ये निळ्या-जांभळ्या तुऱ्यांचे फोटो घेऊन आला. "सगळा माल आम्हीच उचलणार, हैदराबादच्या गुडीमलकापूर मार्केटला," असं स्टॅम्पपेपरवर लिहूनही दिलं. पाऊच चकचकीत, पण त्यावर ना लॉट नंबर, ना उगवणीची टक्केवारी, ना चाचणीची तारीख. पैसे ऑनलाइन घेतले, बिल "मागून पाठवतो".

दसरा झाल्यावर पेरलं. ऊन तापत होतं, तरी आठवडाभरात कोंब वर. खोट इथंच ओळखता येते. खऱ्या लार्कस्परला उगवायला जमीन थंड लागते, १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. म्हणून जाणकार लोक बी ओलसर करून दोनेक आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात, नाहीतर थंडी पडायची वाट बघतात. त्याला उजेड चालत नाही, मातीआड करावं लागतं, आणि तरीही उगवायला दोन-तीन आठवडे जातात. त्यामुळं "फ्रिज-बिज काही नको, आठ दिवसांत उगवतं" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दोन्ही झाडं एकाच कुळातली. बी दोन्हीचं काळं, बारीक. पानंही दोन्हीची चिरलेली. त्यामुळं नुसत्या पानावरून फरक कळणं अवघड. फुलं लागली तेव्हा सगळं उघडं पडलं. तुरा नाहीच, फांदीच्या टोकाला एकेकटं फिकट निळसर फूल, आणि झाड गुडघ्याच्याही खाली. लार्कस्परच्या प्रत्येक फुलामागं टोकदार शेपटी असते, तिचा पत्ता नाही. तोवर एजंटचा फोन बंद झाला होता.

आणि हे नीट ऐका: ओळखण्यासाठी बी चावून बघू नका. खरं लार्कस्पर असेल तर ते विषारी आहे, बीही आणि झाडही. काढणीनंतरचा पाला दावणीत गेला तर जनावर दगावू शकतं.

ज्यांचं पीक अजून उभं आहे त्यांनी ते मोडू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि पीक शेतात असतानाच पंचनामा करून घ्या. पाऊच, उरलेलं बी, पैसे पाठवल्याची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, काहीच टाकू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० ला लगेच फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आमचा पंचनामा झालाय, निकाल यायचाय. उरलेलं बी मी बरणीत ठेवलंय. औसा-निलंग्याकडं कुणाला असाच पाऊच मिळाला असेल तर बी घेऊन या, शेजारी ठेवून बघू आणि अर्ज सोबतच देऊ.