ग्रीक टॅव्हर्नात कुटुंबासोबत: एकच मोठा मिक्स थाळा की सुटे पदार्थ टेबलाच्या मध्ये?

ग्रीसला घरच्यांना घेऊन जाणार असाल आणि टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, सगळ्यांनी वाटून खायचं एवढं ठरलं असेल, तर मेन्यूकार्ड उघडल्यावर प्रश्न एकच उरतो. ‘पिकिलिया’, म्हणजे थोडं थोडं सगळं लावून येणारा मोठा मिक्स थाळा घ्यायचा, की एकेक मेझे, म्हणजे वाटून खायचे छोटे पदार्थ, सुटे मागवून मध्ये ठेवायचे? आम्ही दोन्ही करून पाहिलंय. आई पूर्ण शाकाहारी, मी आणि बायको सगळं खाणारे, आणि मुलांचं लक्ष कायम तळलेल्यावर. अशा घराला काय मानवलं ते सांगतो. तुमच्याकडे कोण काय खातं त्यावर उत्तर बदलू शकतं.

थाळ्याची बाजू कमकुवत नाही, हे आधीच सांगायला हवं. दिवसभर अथेन्सच्या उन्हात चालून आल्यावर मेन्यूवरची तीस-चाळीस नावं वाचायची कुणालाच ताकद नसते. थाळा सांगितला की विषय संपतो. मांसाहारी थाळ्यात सुव्लाकी (सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे), बिफ्तेकी (खिम्याच्या टिक्क्या), लुकानिको (सॉसेज), पिटा (चपटा पाव) आणि भरपूर बटाटे. मासळीच्या थाळ्यात तळलेला गाव्रोस (छोटे अँकोव्ही मासे), कलमारी (माकूळ), कोळंबी. किंमत आधीच कळते, मुलांसमोर लवकर काहीतरी येतं आणि एरवी कधी मागवला नसता असा एखादा पदार्थ आपोआप चाखून होतो. पहिल्या संध्याकाळी, काहीच ओळखीचं नसताना, याचा आधार वाटतो.

माझं मत फिरलं ते सागानाकीमुळे. केफालोतिरी किंवा ग्राव्हिएरा चीजची जाड चकती पिठात घोळवून तळतात. सुटी मागवली तर बहुधा दोन कानांच्या छोट्या पॅनमध्येच येते, अजून चरचरत असताना. लिंबू पिळलं की आवाज होतो, वरचा पापुद्रा कुरकुरीत असतो, आतलं चीज काट्याला लोंबतं. हे सुख पाचेक मिनिटांचं. नंतर तेच चीज आकसतं, चिवट होतं, वर तेल दिसायला लागतं आणि खारटपणा तेवढा उरतो. थाळ्यात ही चकती इतर सात-आठ गोष्टींसोबत एकाच वेळी येते. आपण आधी आईच्या बाजूला काय सरकवता येईल ते बघतो, मग मुलांना मांसाचे तुकडे करून देतो, कुणाची पाण्याची बाटली उघडतो. आपला हात सागानाकीपर्यंत पोचतो तेव्हा ती रबर झालेली असते. झुकिनीच्या भज्यांचं, म्हणजे कोलोकिथोकेफ्तेदेसचं, तेच. गरम मांसाशेजारी पडून पडून त्या मऊ पडतात. स्वयंपाक्याचा यात काही दोष नाही, त्याने सगळं गरमच पाठवलेलं असतं. पण कुटुंब घेऊन बसलेला माणूस सगळं एकदम खाऊच शकत नाही. मला ही गोष्ट दर वेळी खटकत राहिली आणि शेवटी तीच निर्णायक ठरली.

सुटे पदार्थ मागवले की टेबलाची चाल बदलते. आधी फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण), मेलिद्झानोसालाता (भाजलेल्या वांग्याचं भरीत), त्झात्झिकी (काकडी-लसणाचं दही) अशा थंड वाट्या आणि होरियातिकी, म्हणजे टोमॅटो, काकडी आणि फेटा चीजचं सॅलड येतं. सगळे पाव बुडवून खायला लागतात, पोटातली आग शमते. मग गरम एकेक येतं आणि जे आलं त्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. होरियातिकीच्या तळाशी टोमॅटोचं पाणी, ऑलिव्ह तेल आणि फेटाचा चुरा साचतो, तो पावाने पुसून घेण्यावरून आमच्याकडे मुलांची भांडणं झाली आहेत. ही पद्धत तिथलीच आहे, शेजारची ग्रीक कुटुंबंही अशीच जेवताना दिसतात.

शाकाहारी माणूस सोबत असेल तर पारडं आणखी झुकतं. ग्रीक स्वयंपाकात ‘लादेरा’ नावाचा मोठा प्रकार आहे, ऑलिव्ह तेलात निवांत शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यं. ब्रियाम (ओव्हनमध्ये भाजलेल्या मिश्र भाज्या), टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे गिगान्देस, फरसबीचं फासोलाकिया. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासांच्या दिवसांत हेच खाल्लं जातं, त्यामुळे ते कुणासाठी मुद्दाम केलेलं बिनमांसाचं जेवण नसतं, रोजच्या पोटभर जेवणातलंच असतं. मिक्स थाळ्यात लादेरा क्वचितच दिसतात. तिथे शाकाहारी माणसाच्या वाट्याला कडेची काकडी, त्झात्झिकी आणि मांसाचा रस न लागलेले बटाटे शोधण्याचं काम येतं. आई तक्रार करत नाही, पण तिने ताटात शोधत बसावं हे मला बघवत नाही.

इथे काही गोष्टी जपायला हव्यात. मेन्यूवर ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपासाला चालणारं, असं लिहिलेलं आपल्या अर्थाने शाकाहारी असेलच असं नाही. त्या उपासात मांस, दूध, अंडी आणि मासे वर्ज्य असतात, पण कोळंबी, कलमारी, ऑक्टोपस चालतात. तारामोसालाता दिसायला निरागस फिकट गुलाबी, पण ती माशांच्या खारवलेल्या अंड्यांची असते. दोल्मादाकिया (द्राक्षाच्या पानांच्या भरलेल्या गुंडाळ्या) आणि गेमिस्ता (भरलेले टोमॅटो, ढोबळी मिरच्या) नुसत्या भाताचे असतात तसे खिम्याचेही असतात, आणि अंडं-लिंबाचा आवगोलेमोनो सॉस वरून ओतलेला असू शकतो. सुट्या पदार्थांत प्रत्येकाबद्दल वेटरला विचारता येतं आणि नको ते नको म्हणता येतं. सान्तोरिनीची पिवळी फावा मात्र आमच्याकडे सगळ्यांना चालते. वर कच्चा कांदा, केपर (खारवलेल्या आंबट कळ्या) आणि तेल असतं, आणि ती डोळे मिटून मागवावी.

सुटं मागवण्यात त्रास नाही असं नाही. हावरेपणा होतो. नावं वाचता वाचता दहा पदार्थ सांगितले जातात आणि दोन तसेच राहतात. बिल शेवटपर्यंत कळत नाही. मासा बऱ्याच ठिकाणी किलोवर असतो, तेव्हा आधी वजन करून दाखवायला सांगावं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. कलमारीपुढे तारांकन किंवा ‘κατ.’ अशी खूण असेल तर ती गोठवलेली आहे असं समजायचं. पाव न मागता येतो आणि माणशी थोडी रक्कम बिलात लागते, पण तो थाळ्यासोबतही लागतोच. एकूण खर्चात मला तरी फार फरक जाणवला नाही.

वेळेचं मात्र लक्षात ठेवा. ग्रीक माणसं रात्री नऊनंतर जेवायला बाहेर पडतात. लहान मुलांमुळे आपण सातला जाऊन बसतो, तेव्हा स्वयंपाकघर मोकळं असतं आणि सुटे सांगितलेले पदार्थही एकदमच टेबलावर येऊन आदळतात. मग सागानाकीचं पुन्हा तेच. यावर उपाय म्हणजे ऑर्डर दोन हप्त्यांत द्यायची. पाच जण असाल तर आधी दोन थंड वाट्या, एक सॅलड आणि एक गरम पदार्थ पुरे. ‘ओला स्ती मेसी’ म्हणजे सगळं मध्ये ठेवा, एवढं म्हटलं की वेटर हसून रिकाम्या छोट्या प्लेट्स मांडतो.

थाळा कधी घ्यावा? आठ-दहा जण असाल, सगळे मांस खाणारे असाल आणि बोट पकडायची असेल, तर बिनधास्त घ्या. आणि ज्यांना काय खायचं ते ठरवायचंच नसतं पण गरम मात्र हवं असतं, त्यांनी व्होलोस या बंदराच्या शहरात त्सिपुरादिकोत, म्हणजे त्सिपुरो ही द्राक्षांची कडक दारू देणाऱ्या खानावळीत जावं. तिथे त्सिपुरोच्या प्रत्येक फेरीबरोबर स्वयंपाकघर स्वतःच्या मर्जीने मासळीची एकेक प्लेट पाठवतं. मुलं आणि शाकाहारी आई सोबत असताना मी ते सुचवणार नाही, मित्रांबरोबर मात्र जरूर.

बाकी कुठल्याही संध्याकाळी मी सुटेच मागवेन. पहिली ऑर्डर घेतल्यावर वेटर मेन्यूकार्डं गोळा करायला लागतो, तेव्हा त्यातलं एक टेबलावरच ठेवून घ्या. दुसरी ऑर्डर द्यायची आहे, आणि सागानाकी त्या ऑर्डरीत सांगायची, सगळ्यांचे हात रिकामे झाल्यावर.