सीएफएक्स्प्रेस आणि एसडी: एकाच कॅमेऱ्यात दोन्ही कार्डे वापरल्यानंतर

निकॉनने २०१८ मध्ये झेड ६ हा कॅमेरा आणला तेव्हा त्याला एकच कार्ड-स्लॉट (मेमरी कार्डाची खाच) असल्याबद्दल, विशेषतः लग्नाची कामे करणाऱ्या छायाचित्रकारांनी, बरीच नाराजी व्यक्त केली होती. २०२० च्या झेड ६ टूमध्ये कंपनीने दुसरा स्लॉट दिला खरा, पण दोन्ही स्लॉट वेगवेगळ्या जातींचे ठेवले: एकात सीएफएक्स्प्रेस टाइप बी किंवा त्याच आकाराचे जुने एक्सक्यूडी, तर दुसऱ्यात एसडी. लग्नसराईचा एक हंगाम आणि भिगवणच्या पाणपक्ष्यांचा हिवाळा असे दोन्ही या कॅमेऱ्यावर काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कार्डाचा वेग कार्डावर वाचून ठरत नाही. ते कोणत्या स्लॉटमध्ये, कोणत्या जोडीदारासोबत आणि कोणत्या कामासाठी बसते यावर तो ठरतो.

एसडी कार्डावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनाच्या वेगाचा असतो, म्हणजे कार्डातून संगणकावर फोटो उतरवतानाचा. फोटो काढताना आपल्याला लागतो तो लेखनाचा वेग, आणि तो बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. यूएचएस-१ प्रकारच्या एसडी कार्डाची प्रमाणित कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. तरीही त्यावर १७० किंवा २०० छापलेले दिसते, कारण तो वेग विशिष्ट कार्ड-रीडरमध्येच मिळतो. कॅमेऱ्यात तो मिळेल असे गृहीत धरू नये. यूएचएस-२ कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग असते आणि त्याची मर्यादा ३१२ एमबीपर्यंत जाते. खरेदी करताना मी आता पुढचा आकडा न पाहता कार्ड उलटून ती दुसरी रांग पाहतो आणि मग व्ही३०, व्ही६० किंवा व्ही९० हे चिन्ह शोधतो, कारण सलग लेखनाचा किमान वेग सांगणारे चिन्ह तेच आहे (व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी).

भिगवणला उडणाऱ्या रोहित पक्ष्यांचा थवा होडीतून टिपताना हा फरक सर्वांत स्पष्ट जाणवला. एक रॉ फाइल (सेन्सरकडून आलेला, प्रक्रिया न केलेला फोटो) सुमारे ३० एमबीची धरली आणि सेकंदाला दहा फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला ३०० एमबी माहिती तयार होते. ती आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, जमते आणि तेथून कार्डावर जाते. साध्या यूएचएस-१ कार्डावर बफर लवकर भरतो, शटरचा ताल मंदावतो आणि थवा निघून गेल्यावरही कार्डाचा दिवा लुकलुकतच राहतो. सीएफएक्स्प्रेसवर मात्र थांबावे लागल्याचे मला क्वचितच आठवते. सीएफएक्स्प्रेस २.० टाइप बी कार्डाची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला सुमारे २ जीबी आहे, पण हा कॅमेरा तेवढ्या वेगाने लिहीतच नाही. त्यामुळे सर्वांत महागड्या कार्डासाठी जास्तीचे पैसे मोजून कॅमेऱ्यात फारसा लाभ होत नाही. लाभ होतो तो घरी आल्यावर, चांगल्या यूएसबी-सी रीडरवरून फोटो उतरवताना.

लग्नात गणित बदलते. तेथे मी दुसरा स्लॉट बॅकअपसाठी ठेवतो, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर लिहिला जातो, आणि मग सीएफएक्स्प्रेस कितीही वेगवान असले तरी बफर रिकामा होतो तो एसडीच्याच वेगाने. अक्षता पडत असताना सलग फोटो घेतले की हे लगेच कळते. व्ही३० कार्डाच्या जागी व्ही६० चे यूएचएस-२ कार्ड घातल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. रॉ एका कार्डावर आणि जेपेग दुसऱ्यावर हा पर्यायही चांगला आहे. पण रॉ फाइलची दुसरी प्रत त्यात राहत नाही, म्हणून लग्नासाठी तो मला पटत नाही.

व्हिडिओसाठी मात्र लोक उगाच घाबरतात. या कॅमेऱ्याचा फोर-के व्हिडिओ ३० फ्रेमला सेकंदाला १४४ मेगाबिटचा असतो; बिटचे बाइट करायला आठाने भागले की सेकंदाला १८ एमबी. व्ही३० कार्ड त्याला पुरून उरते आणि ६४ जीबीमध्ये जवळपास तासभराचे चित्रण मावते.

बांधणीच्या बाबतीत सीएफएक्स्प्रेस निर्विवाद सरस आहे. ते जाड आणि ताठ असून हातात भरीव लागते, मात्र दीर्घ वापरानंतर बाहेर काढले तर चांगलेच गरम असते. एसडीच्या पट्ट्यांमधल्या प्लास्टिकच्या बारीक कडा वारंवार काढ-घाल केल्याने तुटतात. माझ्या एका कार्डाची लॉकची खिट्टी सैल होऊन आपोआप खाली सरकू लागली आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ असे सांगू लागला. ही खिट्टी कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेली नसते, स्लॉटमधला एक स्विच फक्त तिची जागा ओळखतो. म्हणून तेथे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून मी वेळ निभावून नेली आणि नंतर ते कार्ड कामातून काढले.

नकली मालाबद्दलही लिहायला हवे. ऑनलाइन स्वस्तात मिळालेले १२८ जीबीचे एक कार्ड एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने तपासले, तेव्हा त्यात प्रत्यक्षात बरीच कमी जागा निघाली. अशी कार्डे कॅमेऱ्याला खोटी क्षमता सांगतात. खरी जागा संपल्यावर फाइलींची नावे दिसतात, पण आत फोटो नसतो. मॅक आणि लिनक्सवर हेच काम एफ-थ्री करतो. मोठ्या कार्डाच्या तपासणीला काही तास लागतात, तरी पहिल्या कामाआधी ती करावीच.

पक्षी किंवा खेळ टिपणाऱ्यांनी सीएफएक्स्प्रेस घ्यावे, पण मध्यम किमतीचे. लग्नाची कामे करणाऱ्यांनी तेच पैसे आधी चांगल्या यूएचएस-२ एसडीवर घालावेत. घरगुती फोटो आणि व्हिडिओपुरता कॅमेरा वापरणाऱ्यांना नावाजलेल्या कंपनीचे, पक्क्या बिलाचे व्ही३० एसडी पुरेसे आहे, आणि पहिला स्लॉट रिकामा राहिला तरी कॅमेऱ्याची काही तक्रार नसते.